जुना कॅमेरा विकायचाय? मग समोरासमोर बसा

या वेळच्या व्हिडिओत आपण अडकलेल्या भांडवलाबद्दल बोललो. किराणा झाला, कापड झालं, हार्डवेअर झालं. एक उदाहरण मी मुद्दाम ब्लॉगसाठी राखून ठेवलं होतं, कारण ते दहा मिनिटांत उरकणारं नाही. ते म्हणजे फोटोग्राफरच्या कपाटात पडून असलेलं भांडवल.

आपल्या मुळशीत हे भांडवल थोडंथोडकं नाही. भूगाव, पिरंगुट, पौड या रस्त्याने निघालात की कार्यालयं आणि लॉन्स, पुढे धरणाचं पाणी, त्याच्या पुढे ताम्हिणी घाट. लग्नंही इथेच आणि प्री-वेडिंगही इथेच. त्यामुळे हप्त्यावर कॅमेरा घेऊन धंदा सुरू केलेली पोरं गावोगाव दिसतात. मग २०१८ साल आलं. एकाच वर्षात निकॉनने झेड माउंट आणला आणि कॅननने आरएफ माउंट आणला. सोनीचा ई माउंट तर २०१० पासूनच होता. हळूहळू पार्टीच विचारायला लागली, 'मिररलेसवर शूट करता ना?' पोरांनी नवीन बॉडी घेतली, पुन्हा हप्ता. आणि जुनी डीएसएलआर, तिच्या दोन-तीन लेन्स, फ्लॅश, बॅटरी ग्रिप हे सगळं गेलं कपाटात.

विकत का नाही असं विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "भाव येत नाही हो."

ठीक आहे, पण कपाटात ठेवूनही तो भाव टिकत नाही. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहितीय. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल धरते, बूट पांढरे पडतात. तीच बुरशी लेन्सच्या काचेवर बसते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, लवकर लक्षात आलं तर साफ होतात. उशीर झाला तर काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असतं आणि मग कितीही साफ केलं तरी डाग राहतो. म्हणजे हप्ता अजून फिटतोय आणि वस्तू आतून कुजतेय. आता याचा विचार धंदेवाल्यासारखा करू.

भाव येत नाही म्हणजे नक्की काय?

समजा एक फुल-फ्रेम बॉडी आहे. सगळं ठाकठीक असेल तर तिचे ५०,००० यायला हवेत. घेणाऱ्याला वाटतं, दहापैकी दोन वेळा आत काहीतरी गडबड निघेल आणि १५,००० चा खर्च बसेल. गणिताने त्याची वजावट होते ३,००० ची. पण माणूस गणिताने घाबरत नाही ना! फोटो बघून, अनोळखी माणसाशी फोनवर बोलून तो थेट म्हणतो, "३८ ला देता का?" म्हणजे ९,००० रुपये निव्वळ संशयाचे. सौदा झाला तर ते विकणाऱ्याच्या खिशातून गेले. नाही झाला तर कॅमेरा परत कपाटात.

बीबीएला असताना हे आम्हाला एका मोठ्या नावाखाली शिकवलं होतं. जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक पेपर लिहिला, २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं (आणखी दोघांबरोबर). त्याचं म्हणणं साधं होतं. विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच वाईट समजून भाव करतो. त्या भावात चांगला माल असलेला माणूस विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग मागे जास्त करून भंगारच उरतं आणि भाव आणखी पडतो. तेव्हा मला वाटलं होतं, हे परीक्षेपुरतं आहे. आज दुकानात बसून रोज बघतो.

ऑनलाइन हा संशय कमी होत नाही, उलट वाढतो. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील' हा प्रकार इतक्या लोकांच्या बाबतीत झालाय की आता खरा फौजीसुद्धा जुना कॅमेरा विकायला कचरत असेल. (पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.) दुकानदाराला एक्सचेंजमध्ये द्यावा तर तो आणखी कमी देणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला गाळ्याचं भाडं आहे, वॉरंटी स्वतःच्या जिवावर द्यायचीय, माल सहा महिने पडून राहू शकतो.

मग राहतो तिसरा रस्ता. घेणारा, विकणारा आणि वस्तू, तिघं एका टेबलावर.

दात बघायला समोर यावंच लागतं

ही काही परदेशातून आलेली आयडिया नाही. चाकणचा शनिवारचा जनावरांचा बाजार आठवा. बैल घेणारा माणूस आधी दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावर वय कळतं. मग चालवून बघतो, खूर बघतो, पाठीवर हात फिरवतो. मग विचारतो, 'खोड काही नाही ना?' भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, इसार दिला जातो. हजारो रुपयांचा व्यवहार, कंपनीची वॉरंटी नाही, तरी पिढ्यान् पिढ्या चालला. कारण तपासायची रीत सगळ्यांना माहीत होती आणि विकणारा पुढच्या शनिवारी त्याच बाजारात सापडणार होता.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. कुलपं, पाने, रेडिओ, नाणी आणि त्यातच एखाद्या पथारीवर जुने फिल्म कॅमेरे. आग्फा क्लिक थ्री तर अनेक घरांत होता, बडोद्याला बनायचा. तिथे गेलात तर एक गोष्ट बघा. घेणारा माणूस कॅमेरा उचलतो, मागचं झाकण उघडतो, कानाजवळ नेऊन शटर दाबतो. आवाजावरून त्याला कळतं. हे फोटोत कळणार नाही.

आणि बाहेरचंच उदाहरण हवं असेल तर पॅरिसजवळ ब्येव्र नावाचं एक छोटं गाव आहे. १९६४ पासून तिथे दरवर्षी जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार भरतो. रस्त्यावर टेबलं मांडलेली, देशोदेशीचे लोक येतात. इंटरनेट आलं, ऑनलाइन लिलाव आले, तरी तो चालू राहिला. गाव छोटं आहे म्हणून काही अडलं नाही.

कॅमेऱ्याचे दात म्हणजे शटर काउंट. पण इथे जरा थांबू, कारण याच आकड्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

'दोनच वर्षं वापरलाय' या वाक्याला काही अर्थ नाही. समजा एका लग्नात २,५०० फोटो निघतात आणि पोराने एका लग्नसराईत ४० लग्नं केली. झाले १ लाख. कॅनन ६डी चं शटर कंपनीच्या हिशोबाने १ लाखासाठीच तपासलेलं, ५डी मार्क ३ चं दीड लाखासाठी, निकॉन डी८५० चं २ लाखांसाठी. म्हणजे एका सीझनमध्ये एक बॉडी म्हातारी होऊ शकते. उलट हिंजवडीत आयटीत काम करणाऱ्या एखाद्या हौशी माणसाची सहा वर्षांची बॉडी ८,००० वर असू शकते. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा सहसा सापडतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून विकणाऱ्याने ते आधीच लॅपटॉपवर काढून ठेवावं.

आकडा ओलांडला म्हणजे कॅमेरा त्या दिवशी बंद पडतो असंही नाही. तो अंदाज आहे. आणि मिररलेस बॉडी जर व्हिडिओसाठी वापरली असेल तर शटर काउंट कमीच दिसणार, कारण व्हिडिओत शटर तसं पडत नाही. तासन् तास हळदी, संगीत, विधी शूट करून ती बॉडी तापलेली असते, पण आकडा म्हणतो ९,०००! तिथे एचडीएमआयचं पोर्ट हलवून बघा, सैल असेल तर समजा की केबल रोज लागत होती. बैलाचे दात बरे आणि खांदा सोललेला, असला प्रकार.

लेन्सची तपासणी टॉर्चने. मागची-पुढची दोन्ही टोपणं काढायची, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि टॉर्च तिरकी धरून आरपार बघायचं. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत येत नाहीत. धागे दिसले तर बुरशी. सगळीकडून धुरकट दिसलं तर तो वेगळा आजार, प्रकाशासमोर फोटो काढला की पांढरट येतो. सेन्सरसाठी एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके धुळीचे असतील तर साफ होतात, सरळ रेघ असेल तर तो ओरखडा, सौदा सोडा. लेन्सला टोपण लावून जास्त आयएसओवर एक लांब एक्स्पोजर घ्या, रंगीत ठिपके किती ते दिसेल. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर वस्तू उघडली गेलीय. उघडणं हा गुन्हा नाही, पण न सांगणं म्हणजे खोड लपवणं. ५डी मार्क ३ सारख्या बॉडीत सीएफ कार्डाची खाच असेल तर आतल्या पिना सरळ आहेत का ते बघा, एक वाकली की खर्च आला.

सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःची बॉडी घेऊन जा. समोरासमोरच्या सौद्याची खरी किंमत इथे कळते. डीएसएलआरमध्ये फोकस थोडा पुढे-मागे असणं हे बॉडी आणि लेन्स या जोडीवर अवलंबून असतं. विकणाऱ्याच्या बॉडीवर मऊ वाटणारी लेन्स तुमच्या बॉडीवर चाकूसारखी चालेल, किंवा उलटं होईल. निकॉनवाल्यांनी तर जपूनच. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्त मिळतात, दणकट असतात, पण त्यांच्यात स्वतःची मोटर नसते. झेड बॉडीला एफटीझेड अडॅप्टर लावून चढवल्या तर ऑटोफोकस चालत नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवरही नाही. ऑनलाइन मागवल्यावर हे कळतं तेव्हा फेरे चालू असतात आणि तुम्ही हाताने रिंग फिरवत असता. कॅननच्या ईएफ लेन्सचं त्या मानाने बरं आहे, अडॅप्टरवर आरएफ बॉडीला छान चालतात. म्हणून ईएफ लेन्स विकायची घाई असलेल्यांना मी दोनदा विचार करायला सांगतो.

साटंलोटं

आतापर्यंत विक्रीचं बोललो. पण मला या प्रकारातली जास्त आवडती गोष्ट म्हणजे अदलाबदल. आपल्याकडे लग्नात साटंलोटं व्हायचं तसं.

तीन माणसं घ्या. पहिला लग्नाचा फोटोग्राफर, कॅननवरून सोनीवर चाललाय, त्याच्याकडे ५डी आणि दोन चांगल्या लेन्स. दुसरी लवळ्याला मीडियाचं शिक्षण घेणारी विद्यार्थिनी. तिला शिकायला दणकट बॉडी हवी, पैसे कमी, पण वडिलांनी घेऊन दिलेला सोनीचा छोटा कॅमेरा आणि एक लेन्स आहे. तिसरा हिंजवडीचा हौशी, पक्ष्यांचे फोटो काढायची लांब लेन्स हवी आणि कपाटात एक सोनीची पोर्ट्रेट लेन्स पडून. प्रत्येकाला ऑनलाइन आधी विकायचं, मग घ्यायचं, म्हणजे संशयाची वजावट दोनदा सोसायची. तिघं एका टेबलावर आले तर वस्तू फिरतात आणि रोख फक्त फरकाची. वर ५,००० तू दे, वर ८,००० मी देतो, विषय संपला.

माउंटमुळे कॅमेऱ्याच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं. कंपनी बदलायची तर एक वस्तू बदलून भागत नाही, सगळा संसार बदलावा लागतो. आणि मुळशीचं नशीब असं की विकणारे, शिकणारे आणि हौशी तिघंही एकाच तालुक्यात राहतात. फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.

ओळख झाली की आणखी काय होतं सांगतो. लग्नाचे मुहूर्त मोजके. एकाच तारखेला तुमच्याकडे तीन चौकशा येतात आणि शेजारच्या गावातला चांगला पोरगा घरी बसलेला असतो. तुम्ही ऑर्डर कुणाला द्याल? ज्याचं काम आणि ज्याचा शब्द माहीत आहे त्याला. लेन्सची बुरशी स्वतःहून दाखवून हजार रुपये कमी करणारा माणूस तुमच्या लक्षात राहतो. माझ्या काउंटरवर लेन्स बघायला आलेले दोघं तासाभराने सेकंड शूटरचे पैसे ठरवत बसलेले मी पाहिलेत. लेन्सचा सौदा मात्र झालाच नाही!

दुकानदाराने यात काय करायचं

माझ्यासारखे छोटे दुकानदार वाचत असाल तर हे तुमच्यासाठी. जागा तुमची, चहा तुमचा, प्रिंटर तुमचा. कमिशनच्या मागे लागू नका. लोक आले की मेमरी कार्ड, बॅटरी, सिलिका जेल, हवाबंद डबे, फिल्टर हे विकलं जातंच. लेन्स घेतलेल्या माणसाला ती कोरडी कशी ठेवायची हे सांगितलंत तर डबा तो तुमच्याकडूनच नेणार.

पण कागदात ढिलाई नको. बिल, बॉडीच्या तळावरचा नंबर आणि त्याच कॅमेऱ्यातून तिथेच काढलेल्या फोटोची माहिती, तिन्ही जुळले पाहिजेत. बिल नसेल तर विकणाऱ्याचं लेखी घ्या, नाव, सही, ओळखपत्राची प्रत, वस्तूचा नंबर, तारीख, सांगितलेले दोष. 'बिल हरवलंय, पण भाव एकदम कमी' असं कुणी म्हणालं तर हात जोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे, आणि चोरीचा असावा असं वाटायला कारण असूनही घेतला तरी ते लागू शकतं. वीस वर्षांची पत एका बॉडीपायी घालवायची नाही. ड्रोन आला तर आणखी एक काम. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, मालक बदलला की ती नोंदही बदलावी लागते.

जीएसटीचा प्रश्न हमखास येतो. घरगुती वापराचा स्वतःचा जुना कॅमेरा कुणी विकला तर तो धंदा नाही, त्यावर जीएसटी नाही. तुम्ही नोंदणीकृत दुकानदार म्हणून जुना माल विकत घेऊन पुढे विकणार असाल तर सीजीएसटी नियम ३२(५) वाचा. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसेल आणि वस्तू आहे तशी किंवा किरकोळ साफसफाई करून विकली तर कर फक्त फरकावर. ३०,००० ला घेतली, ३४,००० ला विकली, तर कर ४,००० वर. तोट्यात गेली तर फरक शून्य धरायचा. मात्र ज्या फोटोग्राफरने कॅमेरा घेताना क्रेडिट घेतलं होतं त्याचा हिशोब वेगळा, त्याने सीएला विचारल्याशिवाय विकू नये.

सगळंच जुनं घ्यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. बॅटरी नवीनच घ्या, जुनी फुगलेली असली तर फुकटही नको. मेमरी कार्ड जुनं घेणाऱ्याने लग्नाची ऑर्डर घेऊ नये. लेन्स मात्र नीट ठेवलेली असेल तर दहा वर्षांची बिनधास्त घ्या.

आता दिवस कधीचा? चातुर्मासात लग्नं कमी, म्हणजे फोटोग्राफर मोकळा आणि खिसाही मोकळा, तेव्हा विकायला बरेच जण तयार असतात. तुळशीच्या लग्नानंतर सीझन उघडतो, तेव्हा घेणाऱ्यांची गर्दी. दोन्हींच्या मधे बसवायचं तर १९ ऑगस्ट बरा, जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ मध्ये त्या दिवशी फ्रान्स सरकारने फोटो काढायची कृती जगाला खुली केली होती. भर पावसातला दिवस असल्याने कुणाच्या लेन्सला बुरशी धरलीय तेही लपत नाही. तो चुकला तर खंडेनवमी आहेच, कॅमेऱ्याची पूजा करायला सगळे कपाट उघडतातच. टेबलं दोन पुरतात. पांढरी भिंत आणि चांगली टॉर्च मात्र आधीच बघून ठेवा.